एका गळ्यात दोन फोन

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, त्यातला तुझा ऑफिसातला फोटोही पोचला. तो मी कचरा निवडायच्या शेडमध्ये सगळ्यांना दाखवला. काट्यावर वजन करणारा बुवा म्हणाला की पोरगी अगदी साहेबीण दिसते, फक्त खाती-पिती दिसत नाही. तेव्हा जरा पोटाकडे बघ.

पत्राऐवजी फोन कर म्हणतेस. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू तीन बोलतेस, आणि हो मावशी, बरं मावशी करून विषय मिटवून टाकतेस. लहानपणी तुझं नाव टिटवी ठेवलं ते काय उगीच? कागदावर निदान शेवटपर्यंत माझंच चालतं. शिवाय चाळिशी उलटल्यावर वर्गात बसून अक्षरं गिरवली, ती काय फक्त सही करण्यापुरती?

तुमच्या संस्थेचे फोन आले. त्या फोनांत बसून बोलणारी तुमची ती 'सोबतीण'ही आली. आता प्रत्येकीच्या गळ्यात एक पिशवी आणि पिशवीत फोन. सकाळी शेडमधून निघताना सोबतीण नमस्कार करते. कॉलनीच्या फाटकावर तिला यंत्रासमोर धरलं की हिरवा दिवा लागतो आणि मग आत सोडतात. दर गोणीला तिच्यात फोटो काढायचा, आणि काट्यावर वजन झालं की ती गोड आवाजात म्हणते, अभिनंदन ताई. माझ्या लग्नात सुद्धा माझं एवढं अभिनंदन कोणी केलं नव्हतं.

एक गोष्ट तेवढी तुझ्या साहेबांना सांग. हातमोजा घातला की फोनला बोट कळत नाही. त्यामुळे दर गोणीला उजव्या हातातला मोजा काढावा लागतो, आणि काढ-घाल करून कंटाळलेल्या बायका आता मोजा घालतच नाहीत. गेल्या आठवड्यात दोघींना काच लागली. मोजे देणारी संस्था तुमचीच, फोन देणारीही तुमचीच. एकमेकांशी बोलत जा जरा.

बाकी घरी ठीक. ताईचा हात थोडा दुखावला आहे. तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलंय, तेव्हा मी कळवलेलं नाही असं समज. तिच्या गल्लीची काळजी नको, आम्ही सगळ्या आहोत. तुझ्या आईच्या चार इमारती आणि मागचा बोळ, इतक्या वर्षांत एक दिवस रिकामा राहिला नाही, आता कसा राहील?

जेवत जा. पत्र लवकर टाक, आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मावशी


१३ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण घाबरली. मोज्यांचं मी बैठकीत सांगितलं. बोटाच्या टोकाला वेगळं कापड असलेले मोजे मिळतात, त्याचा विचार करू म्हणाले. हो मावशी, विचार. मला ठाऊक आहे तू काय म्हणणार ते.

आईला मी रविवारी विचारलं. हात जरा मुरगळला होता, आता बरा आहे म्हणाली. तिच्या आवाजावरून मला तसंच वाटलं. तरी दवाखान्यात नेऊन आण, मी सांगितलं म्हणून सांग.

आता माझी बातमी. आमच्या ऑफिसात एका भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर सगळ्या गावांचा नकाशा दिसतो आणि प्रत्येक बाई म्हणजे एक ठिपका. सकाळी ठिपके शेडमधून निघतात आणि गल्ल्यांमधून पसरतात, ते बघत राहावंसं वाटतं. त्यात मला एक गोष्ट सापडली. काही ठिकाणी दोन ठिपके अगदी चिकटून चालतात. एका गावात चौकशी केली तर कळलं की तिथला मुकादम बायकांचे फोन काढून घेतो, एकाच माणसाच्या पिशवीत टाकतो, त्याला फिरवतो आणि बायकांचे पैसे स्वतः खातो. मग मी एक नियम सुचवला. दोन फोन बराच वेळ सोबत चालले तर ज्या फोनची मालकीण स्वतः कामावर नाही, तो आपोआप बंद व्हायचा, आणि ती गल्ली यादीतल्या पुढच्या बाईला मिळायची. कोणाची शिफारस नको, कोणाच्या पाया पडणं नको. मुकादमाची सद्दी संपली.

साहेबांनी पाहुण्यांसमोर मला उभं केलं आणि ही स्वतः या वस्तीतून आलेली आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी, मला रडू आलं. माझी नोकरी आता कायम होईल असं दिसतंय.

आणखी एक. सोबतिणीवर छोटी फिल्म करायची आहे आणि त्यासाठी त्यांनी आईला निवडलं आहे. माझी आई म्हणून नाही बरं का, तिचं काम सगळ्यात नियमित आहे म्हणून. तिला सांग, लाजू नकोस, साडीवरचा कामाचा झगा चांगला धुतलेला घाल.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे, थोडी जास्त झाली तरी चालेल.

तुझी,
टिटवी


२५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद. आज तुझी थट्टा करायला माझ्यापाशी शब्द नाहीत, म्हणून सरळ लिहिते. ते तुझे चिकटून चालणारे ठिपके, त्यातला एक मी होते. दुसरा तुझी आई. म्हणजे तुझ्या आईचा फोन, माझ्या गळ्यात.

हात मुरगळला नाही. मोडला आहे. दुसऱ्या इमारतीच्या जिन्यावर कोणीतरी पाणी सांडून ठेवलं होतं, ताई गोणीसकट खाली आली. मनगटाचे दोन तुकडे. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. तू काम सोडून धावत येशील म्हणून तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. तुझी नोकरी कायम व्हायची म्हणून आम्ही मूग गिळून बसलो, आणि तू तिकडे टाळ्या घेतल्यास.

गल्ली राखणं म्हणजे काय हे तुला मी शिकवायचं का? बाळंतीण झाली, आजारी पडली, कोणाचं मूल तापलं, की बाकीच्या तिची गल्ली राखतात. तिच्या गल्लीतली गोणी तिच्या दारात ठेवतात. आधी लेकीने राखायची, लेक नसली तर सुनेने, बहिणीने, मग शेडमधल्या कुणीही. आमच्यात पगारी रजा नाही, आजारपणाचा पैसा नाही, जे आहे ते एवढंच आहे. तुझ्या जन्माच्या वेळी ताईची गल्ली चाळीभरच्या बायकांनी वाटून राखली. तू या घासांवर मोठी झालीस. तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस.

मग सोबतीण आली. कानामागून आली आणि तिखट झाली. ताईच्या गोण्या ताईच्या नावावर पडायला हव्यात, म्हणून तिचा फोन मी गळ्यात घातला. माझी गल्ली, मग तिची गल्ली. यात चोरी कुठे आहे ते मला सांग. गोणी तिच्या नावावर, पैसे तिच्या हातात, चालले मी. सोमवारी कॉलनीच्या फाटकावर ताईच्या फोनने लाल दिवा दाखवला. रखवालदार दादा ताईला कित्येक वर्षं ओळखतो. त्याच्या लेकीच्या लग्नात ताई राबली आहे. तो खाली बघत म्हणाला की मावशी, मी काय करू, यंत्र हिरवं होत नाही. त्याच्यावर मी चिडले नाही. चिडायचं ज्यांच्यावर ते दूर काचेच्या खोलीत बसून भिंत बघतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

माझ्या फोनवर ताकीद आली आहे. पुन्हा दुसऱ्याचा फोन बाळगला तर माझाही बंद. सध्या दोन्ही घरं माझ्या गल्लीवर चालली आहेत, त्यामुळे मला हलता येत नाही. माझ्यासारख्या आणखी कितीजणी राखण करत होत्या, त्यांच्या आजारी बहिणींचे फोनही बंद झाले. आमच्या एका शेडमध्ये अशा सातजणी. त्यातली एक नऊ महिन्यांची पोटुशी आहे. मुकादम आमच्या गावात आता उरलाच नाही. साप साप म्हणून तुम्ही भुई धोपटलीत, आणि भुईवर आम्ही बसलो होतो.

ताईची गल्ली सोबतिणीने एका नव्या बाईला दिली. बिचारी महिन्यापूर्वी कामाला लागली, पदरात दोन पोरं. तिला कळल्यावर ती ताईकडे आली, दारात बसली आणि म्हणाली की दुसरीच्या आजारपणावर मी चूल पेटवणार नाही. दोन दिवस ती त्या गल्लीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिचाही फोन बंद. काम नाकारलं म्हणून. आता त्या चार इमारतींचा कचरा गाडी येऊन नेते, सुका-ओला सगळा एक करून.

तुझी आई खिडकीशी बसून असते. गल्ली गेली असं तिने अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही, पण सकाळी उठून झगा घालते आणि प्लास्टर अडकतं म्हणून पुन्हा काढते. ते मला बघवत नाही.

रागावलेली आहे, पण तुझीच आहे,
मावशी


२ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग जिन्यात जाऊन बसले, कारण ऑफिसात रडायला जागा नाही, सगळं काचेचं आहे.

मी काय लिहू? मला गल्ली राखणं माहीत होतं. आई तापाने पडली होती तेव्हा तिच्या नकळत तुझ्यामागे पळत मी स्वतः तिची गोणी ओढली आहे. पण भिंतीवर दोन ठिपके चिकटून चालताना पाहिले आणि त्यात मला तू दिसली नाहीस. मला मुकादम दिसला, कारण त्या खोलीत सगळे मुकादमाबद्दलच बोलत होते. वेचणाऱ्या बायका एकमेकींना धरून चालतात हे त्या भिंतीला माहीत नाही, मला माहीत होतं, आणि मी भिंतीचं ऐकलं. याची मला फार चीड येते, मावशी, माझी स्वतःची.

मी त्याच दिवशी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मग म्हणाले की ही फार सुंदर प्रथा आहे, आपण ती सोबतिणीत घालू. म्हणजे एक बटण येईल, बदलीचं. आजारी बाईने ते दाबायचं, डॉक्टरच्या कागदाचा फोटो जोडायचा, जी राखणार तिने मान्यता द्यायची, मग आमच्याकडून मंजुरी, आणि मंजूर झालेले दिवस संपले की गल्ली मोकळी. हे बटण पुढच्या सुधारणेत येईल, ती पावसाळ्यानंतर आहे. मी विचारलं की नऊ महिन्यांच्या पोटुशीने पावसाळ्यानंतरपर्यंत थांबायचं का. ते म्हणाले, तुझी कळकळ समजते.

पण आईचं काम होतंय. फिल्म तिच्यावर आहे, तेव्हा तिचा फोन बंद असून चालणार नाही. तिचा एकटीचा फोन खास बाब म्हणून लगेच सुरू करतो म्हणाले, आणि फिल्मवाले या आठवड्यात तिकडे येत आहेत. बाकीच्यांचंही मी बघते आहे. मला थोडा वेळ दे. मी आतून प्रयत्न करते आहे, ते बाहेरून होणार नाही.

आईला सांग, मी चुकले. नाही, तू सांगू नकोस, मी सांगेन. पण फोनवर तिचा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही.

माया कमी झाली असली तरी समजू शकते. उरली असेल ती ठेव.

तुझी,
टिटवी


१० मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद. माया कमी झाली नाही, पण तुझं पत्र वाचून माझं डोकं जे तापलं ते अजून उतरलं नाही. तुझे साहेब वाईट नाहीत, हे मला कळलं. माझ्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी आमचं वाटोळं केलं, त्यातलं कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आजारी बाईने बटण दाबायचं म्हणे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरच्या कागदाचा फोटो काढायचा. सरकारी दवाखान्यात तो कागद मिळवायला ज्या रांगेत उभं राहावं लागतं, त्या रांगेत उभं राहण्याइतकी बाई धडधाकट असेल तर ती कामावरच जाईल. आणि मंजुरी तुम्ही देणार. राखणाऱ्या आम्ही, राखलेली आम्ही, गल्ली आमची, आणि मंजुरी तुमची. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय.

आता फिल्मचं ऐक. गाडीतून चौघंजण आले. एक दाढीवाला, एक छत्री धरणारा, एक पोरगी वहीत टिपणारी, आणि एक नुसता बघणारा. त्यांनी ताईला तिच्या गल्लीत उभं केलं. फाटकावरच्या दादाला सांगून त्यांनी फाटक उघडून घेतलं, त्यांना हिरव्या दिव्याची गरज लागली नाही. मग दाढीवाला म्हणाला की प्लास्टर दिसायला नको. तर ताईचा मोडका हात त्यांनी गोणीमागे लपवला. दुसऱ्या हातात फोन दिला. फोन बंदच होता, तुमची खास बाब तोवर पोचली नव्हती. तेव्हा तो म्हणाला की हरकत नाही, हिरवा दिवा आम्ही नंतर कम्प्युटरवर लावू. ताईने नुसतं हसायचं.

माझा जीव तुटत होता. मी म्हटलं, ताई, चल घरी. पण ती उभी राहिली. लेकीच्या ऑफिसची माणसं आहेत, लेकीची नोकरी आहे, एवढंच तिच्या मनात. ती हसली सुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण बाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी वरून ओरडून विचारलं की हात मोडलेल्या बाईला उन्हात उभं का करता. दाढीवाल्याने हात जोडले आणि म्हणाला की दोन मिनिटं. मग ते गाडीत बसून गेले. ताई परत यायला निघाली तर फाटक बंद झालं होतं आणि तिच्या फोनवर लाल दिवा. आतून बाहेर यायलाही यंत्राला विचारायचं. दादाने शेवटी हाताने साखळी काढली.

घरी आल्यावर ती जेवली नाही. चौथ्या दिवशी तुमची खास बाब आली. तिचा फोन गळ्यात वाजला, अभिनंदन ताई, तुमची गल्ली तुम्हाला परत मिळाली आहे. त्या वेळी पोटुशी आणि नवी, दोघी ताईच्याच खोलीत बसल्या होत्या. ताईने फोन काढला, भांड्यांच्या फळीवर ठेवला, आणि मला म्हणाली की कागद घे. तिला लिहिता येत नाही. ती बोलली तसं मी खाली उतरवलं आहे. माझं त्यात काही नाही.

मावशी


चि. बाळ,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे. हात दुखतो, पण आता सांगायला लाज वाटत नाही. आधी सांगितलं नाही ती माझी चूक, त्यात तुझी नाही.

तू मला गल्ली परत दिलीस, ती मी घेत नाही. माझी एकटीची सुरू केली तर बाकीच्या मला काय म्हणतील ते जाऊ दे, मी मला काय म्हणू? ती पोटुशी माझ्यासमोर बसली आहे. तिचा फोन बंद आणि माझा सुरू, कारण माझी लेक ऑफिसात आहे. मुकादमही असंच करायचा. आपल्या माणसाला आत, दुसऱ्याला बाहेर. तुम्ही मुकादम काढायला निघाला होतात ना?

तू लहान असताना मी तुला गल्लीत यायला द्यायचे नाही. मावशी म्हणायची की पोरीला येऊ दे, हातभार लागेल. मी म्हणायचे, तिने शिकावं. माझी गल्ली राखायची पाळी तुझ्यावर कधी येऊ नये म्हणून मी दुसऱ्यांच्या गल्ल्या दुप्पट राखल्या, म्हणजे माझ्या वेळी कोणी नाही म्हणणार नाही. कोणी नाही म्हणालं नाही. पण आता ज्या राखतील त्यांचा फोन बंद होतो. मावशीला मी जाऊ देणार नाही. नवीला मी जाऊ देणार नाही. ज्यांच्या पोटावर पाय येईल अशा कोणालाच मी पाठवणार नाही.

तुझं पोट तिकडे आहे. तुझा फोन त्यांना बंद करता येणार नाही. आणि तू माझी लेक आहेस, पहिली पाळी तुझी.

बटण पावसाळ्यानंतर येईल म्हणतेस. मला बटण नको. माझ्या गल्लीत माझं माणूस उभं राहिलेलं मला बघायचं आहे. फाटक उघडलं नाही तर बाहेर उभं राहा, इमारतींतल्या बायका पिशव्या खाली आणून देतील, मास्तरीण बाईंनी तसं सांगितलं आहे. तू येतेस की बटण पाठवतेस, एवढं कळव.

तुझी,
आई


१७ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. मी येते आहे.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते, पण मावशी म्हणेल की टिटवी आजारी पडली की काय. शिवाय आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मावशी, तू वाचून दाखवताना थांबू नकोस, सलग वाच.

मी साहेबांकडे रजा मागायला गेले. आईचा हात मोडला आहे, घरी जायला हवं, किती दिवस ते सांगता येत नाही. ते लगेच उठले, मला पाणी दिलं, म्हणाले की आधी का नाही सांगितलंस, खुशाल जा, हवे तितके दिवस राहा. मी म्हटलं, माझं काम अडेल. ते म्हणाले की छे, शेजारच्या टेबलावरची तुझी मैत्रीण बघेल. तुझा पासवर्ड तिला देऊन ठेव, ती तुझ्या नावानेच आत शिरेल आणि दोघींचं करेल, म्हणजे नोंदीत खंड पडणार नाही. पगाराची चिंता करू नकोस. मैत्रीण मान वर न करता म्हणाली, हो गं, जा तू, मागच्या वर्षी माझ्या बाळंतपणात तू नाही का केलंस.

आई, मी तशीच उभी राहिले. मी खरंच केलं होतं. तीन महिने तिच्या नावाने तिचं काम मी केलं होतं, त्याच खुर्चीवरून, आणि त्या वर्षी दोघींनाही शाबासकी मिळाली होती. त्या खोलीत कोणाला, मला सुद्धा, एकदाही वाटलं नाही की ही फसवणूक आहे. आणि भिंतीवर चिकटून चालणारे ठिपके पाहिले तेव्हा पहिला शब्द आठवला तो तोच.

मी साहेबांना विचारलं. ओरडले नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मी जाते आणि ही माझ्या नावाने काम करते, तेव्हा माझी खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला का जात नाही? हिला ताकीद का येत नाही? तुम्ही मंजुरी द्यायला पावसाळ्यानंतरपर्यंत का थांबत नाही?

ते म्हणाले, "अगं, ते वेगळं."

मी म्हटलं, कसं वेगळं, ते सांगा. मी थांबते. आणि मी खरोखर थांबले. काचेच्या खोलीतले सगळे माना वर करून बघत होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे ठिपके चालत होते. मी पासवर्ड कोणाला दिला नाही. सातजणींचे आणि नवीचा असे सगळे फोन सुरू होईपर्यंत तो देणार नाही असं सांगितलं, आणि टेबल आवरलं. माझी नोकरी राहील की जाईल, आता मला ठाऊक नाही. मैत्रीण माझ्यामागून जिन्यापर्यंत आली. म्हणाली की कोणी सांगितलं तरी तुझ्या खुर्चीवर मी बसणार नाही.

सोमवारची बस सकाळी पोचते. तुझा झगा आणि मोजे फाटकावर दादापाशी देऊन ठेव, दोन्ही हातांचे. पोटुशीला सांग, तुझी गल्ली झाली की मी तिची राखणार. आधी मी घरी येणार नाही, थेट फाटकावर जाणार आहे. तुला बघायचं असेल तर तिथे ये.

तुझी लेक